पत्र्याचे काटे

१९७८ साल, माघ महिन्याचा शुद्ध पक्ष. थंडी सरत आली होती, उन्हाला अजून धार नव्हती. तालुक्याच्या एका गावी अध्यापक विद्यालय होते आणि त्याला लागून एक प्राथमिक शाळा. विद्यालयात मास्तर तयार होत आणि शाळेतल्या पोरांवर हात बसवून घेत. नवशिक्या न्हाव्याला पहिला वस्तरा कुणाच्या तरी गालावर चालवावाच लागतो, तसेच हे. गाल मात्र दुसऱ्याचा असतो, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्या विद्यालयात एक वृद्ध गुरुजी होते. निवृत्ती जवळ आलेली. नवशिक्यांचे पाठ पाहणे हे त्यांचे काम. अंगाने सुके, बोलण्याने त्याहून सुके. मुले त्यांना टरकून असत. इतर निरीक्षक वर्गात आले की शिकवणाऱ्याकडे बघत. फळ्यावरचे अक्षर कसे, उच्चार कसा, खडू कसा धरला. गुरुजी शेवटच्या बाकावर बसत आणि मान खाली घालत. पुष्कळांना वाटे, म्हाताऱ्याला डुलकी लागली. पण पाठ संपला की तो कुठे फसला ते गुरुजी नेमके सांगत.

रंगनाथ हा त्यांचा विद्यार्थी. हुशार, खड्या आवाजाचा, वळणदार अक्षराचा. वडील लहानपणीच गेले होते. थोरल्या भावाने बाजारात पोती वाहून त्याला शिकवले. पोती वाहून भावाचा एक खांदा कायमचा खाली उतरला होता. वार्षिक पाठात रंगनाथ पहिला आला तर त्याच वर्षी नेमणूक होणार होती. नाही तर घरी बसून वाट पाहायची, आणि भावाने दुसरा खांदा लावायचा. जेवायला बसले की रंगनाथला हे आठवे.

एके दिवशी त्याने धीर करून विचारले, "गुरुजी, पाठ चालू असताना आपण खाली काय बघता?"

"पाय."

"कुणाचे?"

"पोरांचे. तुझे बघून काय करू? तुझ्या पायांत चपला असतात."

रंगनाथ हसला. गुरुजी हसले नाहीत.

"पोराला कळत नसलं की ते तोंडावर दाखवत नाही," ते म्हणाले. "तोंड मास्तरकडे धरून बसायला ते पहिल्याच वर्षी शिकतं. पाय मात्र फरशी घासत राहतात. कळू लागलं की पाय थांबतात. पुरतं कळलं की उडतात. आणि उत्तर आधीच पाठ असलं की पाय झोपलेले असतात. बघायला शीक."

रंगनाथ बघायला शिकला. आणि त्याला यल्लवा दिसली.

गावाबाहेर दगडाची खाण होती. खाणीवरची काही पोरे शाळेत येत. यल्लवा त्यातलीच. तिसरीत तिचे दुसरे वर्ष. मागच्या बाकावर बसे, कुणाच्या अध्यामध्यात नसे. तिच्या बाकाखालची फरशी घासून घासून इतर जागेपेक्षा उजळ झाली होती.

रंगनाथने वार्षिक पाठासाठी विषय घेतला होता घड्याळ वाचण्याचा. त्याने पुठ्ठ्याचे मोठे घड्याळ केले. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून दोन काटे केले, लहान काट्याला लाल रंग दिला, मधोमध खिळ्याने बसवले. सराव पाठांच्या वेळी ते घड्याळ धरून उभे राहायला त्याने यल्लवाला पुढे बोलावले. तिचे पाय त्याला जवळून पाहायचे होते.

"सांग, किती वाजले?"

यल्लवाने मोठ्या काट्याच्या टोकाशी असलेला आकडा वाचला. "बारा."

"अगं, चार वाजलेत. आधी लहान काटा बघायचा."

"का?"

"तास तो सांगतो म्हणून."

"ल्हानगा?" तिला ते पटेना. "मोठा असताना ल्हानग्याचं कोन आयकतंय? आमच्यात न्हाई आयकत."

वर्ग हसला. रंगनाथही हसला. पण त्या दिवसापासून तो तिला मधल्या सुट्टीत थांबवून घेऊ लागला. तिला येत नव्हते, पण काटे फिरवायला फार आवडे. पत्र्याचा कर्रकर्र आवाज आला की तिचा चेहरा खुले. एकदा तो म्हणाला, "मोठ्या पाठाच्या दिवशी बाहेरगावचे साहेब येणार आहेत. त्या दिवशी काटे तूच फिरवायचे."

"मीच?"

"तूच. शब्द दिला."

व्हरांड्यातून जाणाऱ्या गुरुजींनी ते ऐकले. पोरांना दिलेला शब्द मोठ्यांना स्वस्त वाटतो. कुठे मागायला येतात ती!

त्या शाळेत एक जुनी रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण चुकत मात्र कधी नसे. वार्षिक पाठाच्या दिवशी वर्गातली कच्ची पोरे बाहेर काढायची. कुणाला झाडांना पाणी घालायला लावायचे, कुणाला मैदानातले दगड वेचायला. उरलेल्यांचा पाठ आदल्या दिवशी एकदा करून घ्यायचा. नवशिक्याचे कल्याण, शाळेचे नाव, परीक्षक खूश. यात कुणाचे वाईट होते असे कुणालाच वाटत नसे.

आदल्या दिवशी वर्गाचे सोनटक्के मास्तर आले. "उद्या ती मागची चार-पाच बाहेर घालवतो मी."

"यल्लवाला राहू द्या, मास्तर. ती घड्याळ धरणार आहे."

"शुद्धीवर आहेस का? साहेबानं तिला विचारलं, किती वाजले? ती सांगणार भलतंच. मग बस बोंबलत वर्षभर." सोनटक्के मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "भावाचा खांदा बघितलाय मी तुझ्या. माझ्या वेळी मीपण काढली होती पोरं. सगळेच काढतात."

रंगनाथ गप्प राहिला. गप्प राहणे म्हणजे होकार, हे दोघांनाही माहीत होते.

सकाळी यल्लवा आली ती डोक्याला चपचपीत तेल लावून, धुतलेला परकर नेसून. सोनटक्के मास्तर बाकीच्या पोरांना घेऊन मैदानाकडे गेले होते. यल्लवा जाईना. ती दारात उभी राहून रंगनाथकडे बघत होती.

रंगनाथ तिच्यापाशी गेला. "यल्लवा, आज तू त्या कडुलिंबाच्या रोपाला पाणी घाल. काटे उद्या फिरव."

"उद्या?"

"उद्या."

"साहेब उद्या बी हायती?"

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग बादली उचलली आणि गेली.

पाठ असा रंगला की त्या शाळेत तसा पूर्वी झाला नसेल. विचारले की हात वर होत होते, उत्तरे खणखणीत येत होती. मध्ये एका पोराने मुद्दाम चूक करायची आणि दुसऱ्याने ती दुरुस्त करायची, असेही ठरवले होते. तेही झाले. परीक्षक मान डोलवत होते. गुरुजी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसले होते.

सगळ्या वर्गाचे पाय झोपलेले होते.

आणि मागच्या एका बाकाखाली फरशी उजळ होती, तिच्यावर पायच नव्हते.

पाठ संपला. परीक्षक रंगनाथच्या पाठीवर थाप मारून निघून गेले. गुरुजी उठले, व्हरांड्यात गेले. समोर यल्लवा रोपाला पाणी घालत होती. आळे कधीच भरले होते, पाणी बाहेर वाहत होते, तरी ती ओतत होती. गुरुजींनी तिला काही विचारले नाही. ते परत आले आणि बसून गुण लिहिले.

त्यांनी रंगनाथला पैकीच्या पैकी गुण दिले. त्यांनी असे गुण आजवर कुणाला दिले नव्हते. रंगनाथच्या डोळ्यांत पाणी आले. तो पाया पडायला वाकला, तोच गुरुजींनी पाय मागे घेतले. मग ते टेबलापाशी गेले, पुठ्ठ्याच्या घड्याळाचा खिळा उपसला, दोन्ही काटे काढले आणि कोटाच्या खिशात टाकले.

"गुरुजी?"

"हे माझ्याकडे राहतील."

"काही चुकलं का? आपण तर गुण—"

"पाठाला काय झालंय? पाठ निर्दोष होता. गुण पाठाला आहेत, ते दिले." गुरुजींनी पुठ्ठा त्याच्या हातात दिला. "ज्यांना घड्याळ येत होतं त्यांना तू घड्याळ शिकवलंस. जेवून उठलेल्यांना वाढलंस आणि जी उपाशी होती तिला पाणी घालायला पाठवलंस. काटे तिचे होते. तू तिला ते कबूल केले होतेस."

रंगनाथचा चेहरा उतरला. "मग मला नापास करा, गुरुजी."

"का करू? नापास केलं तर तुला शिक्षा होईल. शिक्षा भोगलीस की तू मोकळा. घरी बसशील, चार दिवस रडशील, म्हणशील, फिटलं. मला तुला मोकळं करायचं नाही." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "ज्या दिवशी ती घड्याळ वाचील, त्या दिवशी काटे घेऊन जा. तोवर तुझ्याकडे नुसता पुठ्ठा आहे."

दुसऱ्या दिवशी रंगनाथ शाळेत गेला नाही. तोंड दाखवायची लाज वाटली. त्याच्या दुसऱ्या दिवशी गुणांची वार्ता गावात पसरली होती, लोक अडवून कौतुक करत होते. मग निकाल आला. तो पहिला आला. भावाने पेढे वाटले. नेमणुकीचा कागद आला. हे सगळे उरकल्यावर रंगनाथ खाणीवर गेला, तर तिथे झोपड्यांच्या जागी नुसत्या काळ्या चुली उरल्या होत्या. खाणीतला दगड संपला म्हणून मालकाने काम थांबवले होते. माणसे कुठे गेली ते कुणी सांगू शकेना. कुणी म्हणे कऱ्हाडकडे, कुणी म्हणे विजापूरकडे.

तो गुरुजींकडे गेला.

"गेली ती," तो म्हणाला.

"तुझं देणं नाही गेलं," गुरुजी म्हणाले.

रंगनाथ नेमणुकीच्या गावी गेला. चांगला मास्तर झाला. सुट्टीत कुठेही गेला तरी तो खाणी विचारत फिरे. वर्षातून एकदा गुरुजींकडे जाई. गुरुजी दारातच विचारत, "सापडली?" तो मान हलवी. गुरुजी त्याला चहा देत आणि दुसरा विषय काढत. अशी बरीच वर्षे गेली. मग त्याने जाणे सोडले. तो एक प्रश्न ऐकायला इतक्या लांब जावेसे वाटेना. पुढे त्याने आणखी शिक्षण घेतले, आणि नशीब असे, की त्याच अध्यापक विद्यालयात, त्याच कामावर तो आला. नवशिक्यांचे पाठ पाहणे. शेवटचा बाक तोच. फरशी नवी होती.

त्याच्या हाताखाली उज्ज्वला नावाची मुलगी होती. मेहनती, शब्दाला चोख. पोरांचे पाय बघायला त्याने तिलाही शिकवले होते. तिच्या वार्षिक पाठाला रंगनाथ शेवटच्या बाकावर बसला आणि सवयीने त्याची मान खाली गेली. सगळ्या वर्गाचे पाय झोपलेले होते.

तो उठून व्हरांड्यात गेला. मैदानात तीन पोरे दगड वेचत होती. त्यातल्या एका मुलीला त्याने जवळ बोलावले.

"कुठली गं तू?"

"खानीवरची."

"खाण तर बंद आहे."

"आता पल्याडच्या अंगाला चालू झालीया. आमी पोरच्या साली आलो."

"आईचं नाव काय?"

"यल्लवा."

रंगनाथने तिला हातातले दगड खाली ठेवायला सांगितले. मग तो वर्गात परत गेला. पाठ संपला होता. उज्ज्वला आशेने त्याच्याकडे बघत होती. "सर, कसा झाला?"

त्याला पुष्कळ बोलायचे होते. गुरुजींचे शब्द त्याला अक्षरशः आठवत होते. पण ते उच्चारायचा अधिकार त्याच्यापाशी नव्हता. ज्याचे स्वतःचे देणे फिटलेले नाही, त्याने दुसऱ्याकडे मागू नये.

"रविवारी माझ्याबरोबर चल," तो एवढेच म्हणाला. "माझा एक पाठ राहिलाय. तू तो बघायचास."

रविवारी दोघे खाणीवर गेली. यल्लवा उन्हात बसून खडी फोडत होती. तिशी अजून गाठली नव्हती, पण चेहरा चाळिशीचा दिसत होता. नवरा झोपडीत खोकत पडला होता. दगडाची धूळ त्याच्या छातीत बसली होती. रंगनाथने ओळख सांगितली. तिने हातोडा थांबवला नाही.

"वळखलं," ती म्हणाली. "मास्तर, त्ये झाड जगलं का?"

"कुठलं?"

"मी पानी घाटलेलं."

"नाही. त्याच उन्हाळ्यात वाळलं."

"मग?" तिने एक दगड फोडला. "मला लई पानी घालाय लावलासा की."

उज्ज्वलाने मान खाली घातली. रंगनाथने पिशवीतून पुठ्ठ्याचे घड्याळ काढले. आकडे पिवळे पडले होते, मधोमध खिळ्याचे भोक होते. यल्लवाने ते पाहिले आणि पहिल्यांदा तिचा हात थांबला.

"काटं कुटं हायती?"

"दुसऱ्या एकांकडे आहेत. तुला घड्याळ वाचता आलं की ते देतील."

"आता वाचून काय करू? गाडी धरायचीया का मला?"

पण तिची नजर मुकादमाच्या शेडकडे गेली. शेडच्या भिंतीवर घड्याळ टांगले होते. सहाला काम सुटायचे ठरलेले होते. पण काम सुटायचे मुकादमाच्या शिट्टीवर, आणि शिट्टी मुकादमाच्या खिशात होती. घड्याळ सगळ्यांना दिसे. वाचता कुणालाच येत नव्हते.

"बसा," ती म्हणाली.

रंगनाथ शिकवू लागला. इतक्या वर्षांचा अनुभव होता. त्याने उदाहरणे दिली, सोपे केले, पुन्हा सांगितले. यल्लवा त्याच्या तोंडाकडे बघत मान डोलवत होती. उज्ज्वला मागे एका दगडावर बसली होती. जरा वेळाने ती हळूच म्हणाली, "सर, त्यांचे पाय हलताहेत."

रंगनाथने खाली पाहिले. यल्लवाचा अंगठा माती उकरत होता. लहानपणी फरशी घासत असे तसाच.

तो थांबला. पुठ्ठा बाजूला ठेवला. "तूच सांग," तो यल्लवाला म्हणाला. "तुला कुठं अडतं?"

तिने समोरच्या सपाट दगडावर कोळशाने गोल काढला. लहान काटा म्हणून छिन्नी ठेवली, मोठा म्हणून हातोडा. "ह्यो हातुडा एवढा मोटा. समदीकडं फिरतोय. आन् छिन्नी जागची हालत न्हाई. मग छिन्नीचं का आयकायचं?"

"दगड फोडताना हातोडा कुठं मारतेस?"

"छिन्नीवर."

"दगड कुठं फुटतो?"

"छिन्नी जितं आसंल तितं." ती छिन्नीकडे बघत राहिली. अंगठा थांबला. "म्हंजी हातुडा नुसता ये-जा करतोय. जागा छिन्नी दावती."

"हं."

"हे तवाच सांगायचं हुतं की वो."

त्याला तेव्हा हे ठाऊक नव्हते, कारण त्याने तिला तेव्हा विचारलेच नव्हते.

पुढचे काही रविवार गेले. अर्धा, पाव, पाऊण हे सगळे तिला छिन्नी-हातोड्यावरच उमगले. उज्ज्वला दर वेळी येई आणि मागे बसे. एका संध्याकाळी यल्लवाने शेडकडे पाहिले, हातोडा खाली ठेवला आणि उठून उभी राहिली.

मुकादम ओरडला, "शिट्टी वाजली का?"

"सा वाजल्यात."

"तुला कळतंय व्हय गं, सायबीण?"

"कळतंय."

आजूबाजूच्या बायांनी एकमेकींकडे पाहिले आणि एकेक हातोडा खाली ठेवला. त्या दिवशी खाणीवरच्या चुली उजेडात पेटल्या.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने शेडच्या भिंतीवरचे घड्याळ काढून नेले.

हे ऐकून रंगनाथ खचला. "काय उपयोग झाला?" तो म्हणाला. "वाचायला घड्याळच ठेवलं नाही त्यांनी."

"त्यांचं त्ये न्यात्यात," यल्लवा म्हणाली. "माझं काटं कुटं हायती त्ये सांगा. चला आनाय."

गुरुजी फार थकले होते. दोन्ही डोळे गेले होते. सून दार उघडून आत गेली. खोलीत उजेड कमी होता, त्यांना त्याची गरजही नव्हती. कोपऱ्यात लोखंडी खाटेवर ते भिंतीला टेकून बसले होते. भिंतीवर जुने टोल देणारे घड्याळ चालू होते.

"कोण?"

"रंगनाथ, गुरुजी."

ते भिंतीचा टेकू सोडून ताठ बसले. मग त्यांनी विचारले, "सापडली?"

रंगनाथने तोंड उघडले, तोच मागून यल्लवाच बोलली, "सापडली न्हाई. माझी मी आलीया."

गुरुजींनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवले. "भिंतीवर घड्याळ आहे. किती वाजले?"

यल्लवा भिंतीपाशी गेली. तिला घाई नव्हती. तिने आधी लहान काटा पाहिला, मग मोठा.

"चार वाजून ईस मिन्टं झाल्यात."

गुरुजी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांना दिसत नव्हते आणि दुसऱ्याच्या शब्दावर गुण द्यायची त्यांची रीत नव्हती. ते तसेच बसून राहिले. रंगनाथ उभा राहिला. उज्ज्वला दारात उभी होती. तिचे लक्ष खाली होते. यल्लवा घड्याळासमोर उभी होती आणि तिचे पाय स्थिर होते. खोलीत लंबकाचा आवाज तेवढा येत राहिला.

दहा मिनिटांनी साडेचारचा एक टोल पडला.

गुरुजींनी उशीखाली हात घातला. चाचपून एक फडके काढले, गाठ सोडली. पत्रा गंजला होता. लाल रंग कुठे कुठे उरला होता. रंगनाथने हात पुढे केला नाही. गुरुजींनी हवेत हात धरला, तेव्हा यल्लवाने आपला हात त्याखाली नेला.

त्यांनी दोन्ही काटे तिच्या तळहातावर ठेवले.

देणे फिटले.